आधी चित्र, मग सुई

बीदर जिल्ह्यातल्या भालकी, औराद, बसवकल्याण या पट्ट्यात रुग्ण आपली तक्रार मराठीत सांगतो, डॉक्टर ती कानडी वळणाने ऐकून घेतो, कंपाउंडर मधूनच दखनीत दटावतो आणि शेवटी कागदावर जे उतरते ते इंग्रजीत असते. परंतु कर्करोगाविषयीची एक समजूत या चारही भाषांत तंतोतंत एकच आहे, आणि ती म्हणजे गाठीला सुई लावू नये, सुई लागली की गाठ पसरते. ‘तुकडा काढला आणि सहा महिन्यांत माणूस गेला’ हे वाक्य मी बाजारात, लग्नाच्या मांडवात आणि मुन्सफ कोर्टाच्या व्हरांड्यातही इतक्या वेळा ऐकले आहे की, आयुष्यभर वकिली करून ऐकीव साक्षीचा वीट आलेल्या माझ्यासारख्यालाही त्याची एकदा रीतसर उलटतपासणी घ्यावी असे वाटू लागले. उलटतपासणीत ते वाक्य टिकत नाही. सहा महिन्यांत जाणारा माणूस तुकडा काढल्यामुळे जात नाही. रोग हाडांपर्यंत जाऊन पोहोचल्यावरच तो दवाखान्याची पायरी चढतो, म्हणून जातो. सुईच्या वाटेने रोग पसरल्याची उदाहरणे वैद्यकात अगदी विरळा आहेत.

असे असूनही, पौरुषग्रंथीच्या म्हणजे प्रोस्टेटच्या बाबतीत तरी, या भीतीला निव्वळ अडाणीपणा म्हणून निकालात काढणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. लोकांनी कारण चुकीचे दिले, पण ज्या सुईला ते भीत होते ती सुई भीती वाटावी अशीच होती. कारण ती आंधळी होती.

आमच्या मामांची हकीगत सांगतो. मामांचे शेत मांजरेच्या काठी, वय त्या वेळी अडुसष्ट. तुरीच्या राशीचे दिवस होते. रात्री दोनच्या सुमारास त्यांची लघवी अडली, आणि पहाटेपर्यंत लाजेने कुणाला न सांगता ते अंगणात येरझारा घालत राहिले. तालुक्याच्या दवाखान्यात नळी घातली तेव्हा पिशवीत जवळजवळ लिटरभर उतरले आणि मामांनी ‘आता जिवात जीव आला’ म्हणून डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी, नळी जागेवरच असताना, कुणीतरी रक्तातल्या पीएसएची, म्हणजे याच ग्रंथीतून स्रवणाऱ्या एका प्रथिनाची, तपासणी लिहून दिली. आकडा आला १४. चारच्या आत हवा, असे कागदावर छापलेले होते. लघवी अडून नळी घातल्यावर, मूत्रमार्गाला संसर्ग झाल्यावर, किंवा ग्रंथी नुसती वयोमानाने वाढली असतानाही हा आकडा चढतो, ही गोष्ट मात्र त्या कागदावर कुठेच छापलेली नव्हती.

मामांना आम्ही एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी समजावून सांगितले, ‘काका, गुदद्वारातून सोनोग्राफीची नळी आत घालून बारा ठिकाणचे बारा तुकडे घ्यावे लागतील.’

मामा म्हणाले, ‘बारा कशाला, डॉक्टरसाब? जिथं हाय तिथला एकच घ्या की.’

डॉक्टर मोकळेपणाने हसले. ‘कुठं आहे ते दिसत असतं, काका, तर बारा कशाला घेतले असते?’

बारा तुकडे घेतले. दुसऱ्या रात्री मामांना हुडहुडी भरून ताप चढला. गुदाशयातले जंतू सुईबरोबर रक्तात शिरले होते आणि नेहमीच्या प्रतिजैविकाला ते दाद देत नव्हते. आठ दिवस सलाईनवर काढून मामा घरी आले, पाठोपाठ अहवाल आला की बाराही तुकड्यांत कर्करोग नाही, आणि आम्ही पेढे वाटले. पुढे दोन वर्षे कुणी त्या कागदांकडे पाहिले नाही. मग आकडा २३ झाला, दुसऱ्या एका डॉक्टरांनी सुईला हात लावण्याआधी एमआरआय काढायला सांगितला, आणि त्या चित्रात ग्रंथीच्या अगदी पुढच्या अंगाला, पोटाच्या बाजूला, करड्या पार्श्वभूमीवर शाई सांडावी तसा एक काळा डाग दिसला. त्या डागावर नेम धरून तीनच तुकडे घेतले. तिन्हींत रोग निघाला, आणि तोही मवाळ जातीचा नव्हे. गुदाशयाच्या बाजूने, म्हणजे मागून, शिरलेल्या पहिल्या बारा सुयांपैकी एकही त्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली नव्हती. मामांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, ‘म्हंजे पैल्या डॉक्टरला मी बरोबरच सांगितलो होतो.’

त्या पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी जे केले ते त्या वेळच्या शास्त्राला धरूनच होते, आणि ते शास्त्र कसे घडले हे पाहिल्याशिवाय मामांच्या वाक्यातले शहाणपण लक्षात येणार नाही.

मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रनलिकेला वेढा घालून बसलेली ही ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी असते आणि उतारवयात लिंबाएवढी किंवा त्याहूनही मोठी होते. तिला पौरुषग्रंथी हे भारदस्त नाव ज्या कोशकाराने दिले असेल त्याच्या संस्कृतज्ञानाविषयी मला आदर आहे, पण या नावानेच तिच्याविषयी बोलण्याची चोरी झाली. आमच्याकडचे म्हातारे ‘पोस्टेट वाढलंय’ म्हणून मोकळे होतात, तेच बरे. १९८० च्या दशकापर्यंत या ग्रंथीचा कर्करोग ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे डॉक्टरांचे बोट होते. पुढे रक्तातील पीएसएची तपासणी आली. अमेरिकेत १९८६ साली ती आधीच झालेल्या रोगावर देखरेख ठेवण्यासाठी मंजूर झाली आणि १९९४ साली नव्या रोगाच्या शोधासाठी. मध्यंतरी १९८९ मध्ये स्टॅनफर्ड येथील हॉज, स्टेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने ग्रंथीच्या सहा ठरीव जागांतून सहा तुकडे घेण्याची पद्धत मांडली. सहाचे पुढे दहा आणि दहाचे बारा झाले. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, तिची हद्द दिसते, पण तिच्या आतला कर्करोग बहुधा भोवतालच्या निरोगी मांसापासून वेगळा दिसत नाही. म्हणून हद्दीच्या आत ठरावीक अंतरावर सुया घालायच्या आणि दैवावर हवाला ठेवायचा, असा तो व्यवहार होता. बारा तुकडे म्हटल्यावर पुष्कळ वाटतात. पण प्रत्येक तुकडा शेवईच्या दोऱ्याइतका बारीक असतो, आणि बारांचे मिळून सबंध ग्रंथीचा शंभरावा हिस्साही भरत नाही.

बीदरच्या जांभ्याच्या पठारावर शेती करणाऱ्याला हा व्यवहार उमगायला वेळ लागणार नाही. शेतात पाणी कुठे आहे ते दिसत नाही, म्हणून पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहील तिथे बोअर मारायची. ती कोरडी गेली की दुसरी, मग तिसरी, आणि कर्ज संपेल तिथे शोध संपवायचा. पाणी नव्हतेच असे त्यावरून सिद्ध होत नाही. आपल्या बोअरच्या खाली नव्हते एवढेच सिद्ध होते. मामांच्या पहिल्या अहवालाचा अर्थही नेमका एवढाच होता, आणि आम्ही मात्र पेढे वाटून बसलो. आता याच बीदरच्या शिवेवर नौबादला बहमनी अमदानीतली करेज, म्हणजे पाण्याचा भुयारी मार्ग, आहे, जिला लोक सुरंग बावी म्हणतात. ती खोदणाऱ्यांनी जमिनीच्या पोटातली भेग कुठून कुठे जाते याचा अदमास आधी घेतला, आणि मग त्या रेषेवर उभी विवरे उतरवली. म्हणून पाच-सहाशे वर्षांनंतरही तिच्यात पाणी सापडते.

एमआरआय या भेगेचा नकाशा काढतो. त्याचे तत्त्व सांगायला सोपे आहे. शरीरातल्या पाण्याचे कण एरवी पेशींच्या मधल्या जागेत मोकळे हिंडत असतात. कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीने वाढतात, त्यामुळे तिथे पाण्याला हालायला वाव उरत नाही. मैलारच्या मल्लण्णाच्या यात्रेत ऐन गर्दीत सापडलेल्या माणसाची जी अवस्था होते तीच त्या पाण्याची होते, आणि चुंबकाच्या प्रभावाखाली हे अडकलेपण चित्रात काळसर डागाच्या रूपाने उमटते. त्याच्या जोडीला ग्रंथीची रचना दाखवणारे दुसरे चित्र असते. आणि पूर्ण तपासणीत शिरेतून औषध टोचून रक्ताचा ओघ दाखवणारे तिसरे. हे सर्व पाहून तज्ज्ञ त्या डागाला एक ते पाच असे गुण देतो. ही प्रतवारी २०१२ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी प्रथम घालून दिली. गुण एक किंवा दोन असले तर पुष्कळदा सुईची गरजच पडत नाही. तीन, चार किंवा पाच असले तर सुई त्या डागावरच रोखली जाते. ती रोखण्याच्या रीती तीन : चित्र मनात ठेवून हातच्या अंदाजाने, संगणकाने एमआरआयची सांगड सोनोग्राफीशी घालून, किंवा एमआरआयच्या बोगद्यातच. यंत्र किती महाग आहे यापेक्षा चित्र नीट वाचले गेले की नाही यावर यांतल्या कोणत्याही रीतीचे यश अधिक अवलंबून असते, असे माझे वाचनावरून आणि चार डॉक्टरांशी बोलून झालेले मत आहे.

ही नुसती मामांच्या नशिबाची गोष्ट असती तर वर्तमानपत्राची जागा मी अडवली नसती. इंग्लंडात अकरा रुग्णालयांतल्या ५७६ पुरुषांवर एक परीक्षा झाली आणि २०१७ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रत्येकाचा एमआरआय, प्रत्येकाची नेहमीची आंधळी तपासणी, आणि खरेखोटे ठरवण्यासाठी प्रत्येकाच्या ग्रंथीचे पाच-पाच मिलिमीटर अंतरावर घेतलेले तुकडे, अशी ती कसोटी होती. दखल घेण्याजोगा कर्करोग ज्यांना होता, त्यांच्यापैकी शंभरांत ९३ जणांना एमआरआयने हेरले. आंधळ्या सुईने हेरले ४८. म्हणजे नाणे उडवून ठरवले असते तरी फार बिघडले नसते! पुढच्याच वर्षी अकरा देशांतल्या ५०० पुरुषांची दोन गटांत विभागणी करून दुसरी परीक्षा प्रसिद्ध झाली. आधी चित्र काढून मग केवळ डागावर सुई रोखलेल्या गटात धोकादायक कर्करोग शेकडा ३८ जणांत सापडला, जुन्या पद्धतीच्या गटात २६ जणांत. शिवाय चित्राच्या गटातल्या शेकडा २८ जणांना सुईच लावावी लागली नाही.

या दुसऱ्या परीक्षेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा मात्र वेगळाच आहे. ज्या मंदगती कर्करोगाने त्या माणसाचे आयुष्यात काहीच बिघडणार नव्हते, तो जुन्या पद्धतीने शेकडा २२ जणांत सापडला आणि नव्या पद्धतीने फक्त ९ जणांत. कमी सापडणे हा इथे दोष नसून गुण आहे. पुष्कळ वृद्ध पुरुष असा निरुपद्रवी कर्करोग अंगात वागवत जगतात आणि दुसऱ्याच कशाने तरी मरतात. त्यांना त्याचे नाव कळले नाही तर त्यांचे काहीच जात नाही. पण आमच्या मुलखात ‘कॅन्सर’ हा शब्द अहवालावर आला की डॉक्टरने ‘काही करू नका, फक्त लक्ष ठेवू’ असे सांगूनही घरातल्यांना ते पटत नाही. एक-दोन एकर विकले जाते, ऑपरेशन होते, आणि मग लघवीवरचा ताबा गेलेला माणूस धोतराला फडके लावून उरलेले दिवस काढतो. नको तो कर्करोग न शोधणे हीसुद्धा गरिबाची मिळकत राखणेच आहे.

चित्राची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर एका अंधश्रद्धेच्या जागी दुसरी येईल. चित्र म्हणजे निवाडा नव्हे. पहिल्या परीक्षेतच असे दिसले की ज्यांना धोकादायक रोग नव्हता अशा शंभरांपैकी केवळ ४१ जणांनाच एमआरआयने निर्दोष ठरवले. बाकीच्यांवर त्याने संशय घेतला तो वृथा. जुनी सूज, आणि आपल्या देशात विशेषेकरून क्षयाची बाधा, चित्रात हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. उलट रोग असलेल्या शंभरांतले सात त्याच्याही नजरेतून निसटतात. म्हणून डाग दिसला तर नेमाच्या तुकड्यांबरोबर आजूबाजूचे काही तुकडे घेणारे, आणि डाग नसतानाही पीएसएचा आकडा ग्रंथीच्या आकाराच्या मानाने भलताच असला तर सुईचा आग्रह धरणारे डॉक्टर चुकत नाहीत. शेवटचा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर पीएसए ही फिर्याद, एमआरआय हा जागेचा पंचनामा; आजवर आपण फिर्याद येताच पंचनामा न करता सगळ्या गावाची झडती घेत होतो.

आणखी एक बाब मामांच्या तापाची. सुई गुदाशयाच्या भिंतीतून न नेता अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून, जागा बधिर करून, नेता येते. या वाटेने आतड्यातले जंतू रक्तात जाण्याची भीती बरीच कमी होते, आणि ग्रंथीच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतही सुई सहज पोहोचते. ज्या देशात औषधाच्या दुकानात प्रतिजैविके चण्या-फुटाण्यासारखी मिळतात आणि त्यापायी आतड्यातले जंतू निर्ढावलेले आहेत, त्या देशात तरी हीच वाट सर्वत्र रूढ व्हायला हवी होती. युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने तिचीच शिफारस केली आहे.

इथवरचे सगळे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित जुने वाटेल. मला बोलायचे आहे ते बीदर आणि कलबुर्गीविषयी.

हैदराबादचे कर्करोग रुग्णालय, जे मेहदी नवाज जंग यांच्या नावाने ओळखले जाते, ते १९५५ साली स्थापन झाले. त्या वेळी बीदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) हे हैदराबाद राज्याचेच जिल्हे होते. म्हणजे ते रुग्णालय आमच्याच राज्याने, आमच्याही महसुलातून उभारले. पुरती दोन वर्षेही झाली नाहीत तोच १ नोव्हेंबर १९५६ उजाडला, आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके एका राज्यात, भालकी-बसवकल्याण दुसऱ्यात आणि रुग्णालय तिसऱ्यात अशी वाटणी झाली. सरहद्दी बदलल्या तरी रुग्णाचे पाय बदलले नाहीत. आजही बीदरचा माणूस हैदराबादची बस धरतो, बसवकल्याणचा सोलापूर-बार्शीकडे वळतो, भालकी-औरादचा लातूर-उदगीरला जातो. कलबुर्गीला किदवाई संस्थेचे उपकेंद्र आहे, बीदरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इमारती नाहीत असे नाही. एमआरआयची यंत्रेही आता जिल्ह्याच्या गावी नवलाईची राहिलेली नाहीत. पण गुडघ्याचा आणि कमरेचा एमआरआय वाचणे वेगळे आणि लिंबाएवढ्या ग्रंथीतला तुरीच्या दाण्याएवढा डाग वाचणे वेगळे.

सीमाभागाच्या रुग्णाची दुसरी अडचण दफ्तरी आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने सीमेवरच्या ८६५ गावांना आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले; कर्नाटक शासनाने त्याला हरकत घेतली. सीमेचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दाव्यांचे आयुष्य किती असते हे मी पोटासाठी पाहिलेले आहे. ग्रंथीतला डाग तारखांची वाट पाहत नाही. पण दोन्ही राज्यांच्या आणि केंद्राच्याही योजनांत एक सारखीच उणीव आहे, जिच्याविषयी दोन्हीकडचे पुढारी गप्प आहेत : या योजनांची रचना खाटेवर दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचाराभोवती झालेली आहे. ऑपरेशनला पैसे मिळतील, किरणोपचाराला मिळतील. पण रोग आहे की नाही, सुई लावावी की नाही, हे ठरवण्यासाठी चालत्याफिरत्या माणसाला जो एमआरआय काढायचा, तो बहुधा त्याने आपल्या खिशातूनच काढायचा. मग डॉक्टरही म्हणतो, चित्राचे पैसे कशाला घालवता, सरळ बारा तुकडे घेऊ. ज्या तपासणीने पुढची निरर्थक सुई, निरर्थक ताप आणि निरर्थक ऑपरेशन टळते, तीच तेवढी योजनेबाहेर राहते. या तरतुदीमागचा तर्क मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

आमच्याकडे आणखी एका गोष्टीची साथ आली आहे, ती म्हणजे पीएसएच्या मोफत शिबिरांची. पुढाऱ्याचा वाढदिवस, बॅनर, रांगेत पन्नाशीपुढचे शंभर-दीडशे पुरुष, आणि पंधरवड्याने प्रत्येकाच्या हातात एक आकडा. त्यातल्या ज्यांचा आकडा चारच्या पुढे गेला त्यांनी पुढे काय करायचे, याचे उत्तर शिबिराच्या मंडपात नसते. ज्या गावात पुढचा एमआरआय आणि त्यापुढची नेमकी सुई यांची सोय लावून दिलेली नाही, त्या गावात असे शिबिर न भरवलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्यावरून मला गावात काही मंडळींचा रोष पत्करावा लागला आहे. दुसऱ्या टोकाला, पाठ दुखते म्हणून वर्षभर मालिश आणि बेल्ट करून शेवटी येणारा, पीएसए शेकड्यांत गेलेला, हाडांत रोग पसरलेला रुग्ण असतो. त्याला या नव्या चित्राचा फारसा उपयोग नाही. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली, म्हणजे मुंबईचे टाटा रुग्णालय उघडले त्याच वर्षी, जो उपाय दाखवून दिला, तो पुरुषी संप्रेरके बंद करण्याचा उपायच अजूनही त्याचा मुख्य आधार आहे. हे दोन टोकांचे रुग्ण सोडले तर मधले जे उरतात, ज्यांचा रोग अजून ग्रंथीतच आहे आणि बरा होण्याजोगा आहे, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप.

‘बीदरला हे कुठून व्हायचे?’ असा प्रश्न विचारणाऱ्यांना मी बार्शीकडे बोट दाखवतो. डॉ. भगवान नेने यांनी तिथे १९८२ साली कर्करोग रुग्णालय उभे केले. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीला सुरू झाली, आणि नोंदणीची माणसे रुग्ण दारात येण्याची वाट न पाहता गावोगाव फिरली. आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या परीक्षेवर आधारलेला जो शोधनिबंध २००९ साली अमेरिकेतल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आला, त्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी जगभर कशी करावी याविषयीचे मत बदलले. उमरग्याच्या पलीकडे जे घडू शकते ते अलीकडे का घडू नये?

शिवाय काम आता पूर्वीइतके अवघडही राहिलेले नाही. २०२५ साली बारा देशांतल्या ४९० पुरुषांवरच्या परीक्षेत असे दिसले की, शिरेतून औषध न टोचता, केवळ पहिल्या दोन चित्रांवर भागवले, तरी धोकादायक कर्करोग पकडण्यात काही उणे राहत नाही. दोन्ही रीतींनी तो शेकडा २९ जणांत सापडला. औषध वगळले म्हणजे त्याचा खर्च वगळला, आणि अर्ध्या-पाऊण तासाचे काम पंधरा-वीस मिनिटांवर आले. मामांनी तो अर्धा तास ‘पिठाच्या गिरणीत डोकं घालून पडल्यासारखा’ काढला होता. पुढच्या रुग्णाची निदान वेळ तरी वाचेल. वाचणारे तज्ज्ञ बीदरला नसतील तर चित्र तज्ज्ञांकडे पाठवता येते, ते तारेने जाते, त्याला बस लागत नाही. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून देशभरातली कर्करोग रुग्णालये नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये एकत्र बांधली गेली आहेतच. तेव्हा कर्नाटकाच्या आरोग्य खात्याकडे आणि कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाकडे आमची दरखास्त लांबलचक नाही : बीदर आणि कलबुर्गी येथील शासकीय यंत्रांवर आठवड्याचा एक दिवस या तपासणीसाठी राखून ठेवावा, बाह्यरुग्णाच्या एमआरआयचा खर्च योजनेत बसवावा, चित्रे वाचण्याचा करार एखाद्या मोठ्या संस्थेशी करावा, आणि दोन तरुण सर्जनांना त्वचेतून सुई नेण्याचे शिक्षण घेण्यासाठी पगारी रजा मंजूर करावी.

ही मंजुरी येईल तेव्हा येईल. तोवर वाचकांना, विशेषतः ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला होता त्यांना, दोन शब्द. नळी असताना किंवा लघवीत जंतू असताना आलेल्या पीएसएवर विसंबू नका. काही आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या. डॉक्टरांनी तुकडा काढायला सांगितला तर भिऊन पळू नका, पण दोन प्रश्न अदबीने विचारा : आधी एमआरआय होणार आहे का, आणि सुई कुठून घालणार? आणि एमआरआयची सीडी आणि तुकड्याचा अहवाल दवाखान्यात ठेवून येऊ नका. मामांच्या पहिल्या अहवालाची प्रत आम्हाला दोन वर्षांनी ट्रंकेत, जमिनीच्या उताऱ्यांच्या खाली, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडली.